पहिल्या धड्यातलं असत्य

इंग्रजीच्या पहिल्या धड्यात जे नियम शिकवले जातात त्यांतले बहुतेक खोटे असतात, आणि शिकवणाऱ्याला ते ठाऊक असतं. कन्नड तालुक्यातल्या पिशोरची शाळा असो की इटलीतल्या एखाद्या गावची, फळ्यावर पहिल्यांदा जे लिहिलं जातं ते पुढे टिकत नाही. ए, ई, आय, ओ, यू यांपैकी अक्षर आलं की त्याआधी ‘ॲन’ लावायचा, असं मुलांना सांगतात. पुढे ‘ॲन अवर’ आणि ‘अ युनिव्हर्सिटी’ समोर येतात आणि नियम मोडतो, कारण तो अक्षरांचा नव्हताच, उच्चाराचा होता. क्रियापदाला ‘आयएनजी’ लागलं की काम आत्ता चालू आहे, असं सांगतात. पण ‘आय ॲम गोइंग टू कन्नड टुमॉरो’ म्हणणारा माणूस त्या वेळी घरीच बसलेला असतो. मराठी आणि इटालियन या दोन्ही भाषांत कर्ता गाळून बोललेलं चालतं, म्हणून दोन्हीकडच्या मुलांना बजावावं लागतं की इंग्रजी वाक्याला कर्ता पाहिजेच. मग ‘कम हिअर’ येतं, आणि त्यात कर्ता दिसत नाही. मराठी माणसाला भूक लागते, इटालियन माणूस भूक आपल्याजवळ आहे असं म्हणतो, इंग्रजीत मात्र माणूस स्वतःच भुकेला असतो. तेव्हा भूक, तहान, भीती यांसाठी ‘आय ॲम’ म्हणा असा नियम दोघांनाही देतात. मुलं तो घोकतात, आणि डोकं दुखू लागलं की त्याच मुलांना ‘आय हॅव अ हेडेक’ म्हणावं लागतं.

हा प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा असता तर तो डी.एड.च्या पुस्तकात सुटला असता. तो त्याहून खोल आहे. सत्य हे व्रत मानणाऱ्या माणसाने, जे पूर्ण खरं नाही हे आपल्याला माहीत आहे, ते विश्वासाने ऐकणाऱ्या मुलाला खरं म्हणून सांगावं का? धर्माच्या प्रांतात हाच प्रश्न हजारो वर्षं विचारला गेला आहे. देवाला हात-पाय आहेत असं आधी सांगायचं आणि तो निराकार आहे असं नंतर. स्वर्ग-नरकाची भीती आधी घालायची आणि निष्काम कर्म नंतर शिकवायचं. पहिल्या धड्यातलं असत्य धर्माला धरून आहे, असं माझं म्हणणं आहे. पण ते एका अटीवर धर्माला धरून आहे, आणि ती अट आज आपण पाळत नाही.

या प्रश्नाची सगळ्यात बोलकी कथा आपल्याच जिल्ह्यातली आहे. पिशोर छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्याच्या उत्तरेला, पैठण दक्षिणेला. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये लिहिलेल्या ‘कथासरित्सागरा’त प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या सातवाहन राजाची गोष्ट येते. राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. अंगावर पाणी उडवू नका, असं एका राणीने संस्कृतात म्हटलं. ‘मा’ आणि ‘उदकैः’ यांचा संधी राजाला ओळखता आला नाही. त्याला ‘मोदकैः’ ऐकू आलं आणि त्याने मोदक मागवले. राणी हसली, नोकरचाकरांसमोर राजाची शोभा झाली, आणि त्याने अन्नपाणी, बोलणं सगळं टाकलं. व्याकरण आलं नाही तर जगण्यात अर्थ नाही, असं त्याने ठरवलं. त्याच्या दरबारात दोन विद्वान होते. गुणाढ्य म्हणाला, व्याकरणाला बारा वर्षं लागतात, मी सहा वर्षांत शिकवीन. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्याने चिडून पैज लावली: असं झालं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्म्यानेही शब्द दिला की मी हरलो तर बारा वर्षं तुझ्या पादुका डोक्यावर वाहीन. शर्ववर्मा जिंकला. कार्तिकेयाच्या कृपेने त्याला एक छोटं व्याकरण मिळालं आणि राजा सहा महिन्यांत शिकला, असं कथा सांगते.

कथा दंतकथा आहे, पण ते व्याकरण खरं आहे. त्याचं नाव ‘कातंत्र’, म्हणजे लहानसं शास्त्र. पाणिनीची सूत्रं चार हजारांच्या घरात जातात, तर कातंत्राची सुमारे चौदाशे. पाणिनीची प्रत्याहारांची सांकेतिक भाषा त्यात जवळजवळ नाही. मुलाला येते तीच साधी वर्णमाला घेतलेली आहे. आधी संधी, मग नामं, मग क्रियापदं अशी विषयवार मांडणी आहे. वेदांतले प्रयोग आणि स्वरांचे नियम सोडून दिले आहेत. पंडितांच्या दृष्टीने ही मोठी काटछाट होती. ज्याला पूर्ण सत्य हवं त्याला कातंत्र अपुरंच वाटणार. तरी ते बंगालात आणि काश्मीरमध्ये शतकानुशतकं शिकवलं गेलं, जैन साधूंनी ते आपलं मानून त्यावर टीका लिहिल्या, बौद्धांनी ते तिबेटी भाषेत नेलं, आणि त्याच्या पोथ्यांचे तुकडे मध्य आशियाच्या वाळवंटात सापडले. ज्यांची घरची बोली संस्कृत नव्हती अशा माणसांना ते उपयोगी पडलं. दुसऱ्याच्या भाषेत पहिलं पाऊल टाकणाऱ्याला काय लागतं हे त्या व्याकरणाच्या कर्त्याला कळलं होतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की नियम खोटे असतील तर ते शिकवताच कशाला? थेट वाक्यं शिकवा. ‘हाऊ आर यू’, ‘आय ॲम फाइन’, ‘मे आय कम इन’ ही वाक्यं तरी खरी आहेत, लोक ती बोलतात. हा आक्षेप दिसतो तितका साधा नाही, कारण त्याच्या पाठीशी भर्तृहरीसारखा तत्त्वज्ञ उभा आहे. पाचव्या शतकातल्या ‘वाक्यपदीया’त त्याने मांडलं की अर्थाचं खरं एकक वाक्य असतं, शब्द, प्रत्यय, धातू ही आपण विश्लेषणासाठी पाडलेली फोड आहे. बोलणाऱ्याच्या मनात वाक्य अखंड उगवतं आणि ऐकणाऱ्याला ते अखंडच उमगतं. तरीही नुसत्या वाक्यांनी भागत नाही, आणि ते का भागत नाही हे पतंजलीने महाभाष्याच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं आहे. बृहस्पतीने इंद्राला एकेक शब्द उच्चारून दाखवत सहस्र दिव्य वर्षं शिकवलं, तरी शब्द संपले नाहीत. शिकवणारा बृहस्पती, शिकणारा इंद्र, वेळ देवांच्या मोजणीतला, आणि तरी अभ्यास अपुरा. मग शंभर वर्षंही धड न जगणाऱ्या माणसाने काय करावं? पतंजली उत्तर देतो की सामान्य नियम आणि त्याचा अपवाद, या जोडीने थोड्या श्रमात मोठा शब्दसागर हाती येतो. पिशोरच्या मुलाकडे इंग्रजीसाठी रोजची एक तासिका असते. घरी इंग्रजी नाही, बाजारात नाही, अद्रकीच्या शेतात नाही. त्याला वाक्यांमागून वाक्यं ऐकवत भाषा मुरवायला वेळच उपलब्ध नाही.

आणि तयार वाक्यं तरी खरी कुठे असतात? ‘हाऊ आर यू’ हा प्रश्न बहुतेक वेळा प्रश्न नसतोच, ते अभिवादन असतं. वर्गातलं तापाने फणफणलेलं पोरही बाईंनी विचारल्यावर उभं राहून ‘आय ॲम फाइन, थँक यू’ म्हणतं, कारण तेच उत्तर शिकवलेलं असतं. म्हणजे नियम भाषेविषयी खोटं बोलतो, तर पाठ केलेलं वाक्य मुलाच्या स्वतःच्या स्थितीविषयी खोटं बोलतं. या दोहोंत मला नियमाचं असत्य अधिक प्रामाणिक वाटतं. नियमाने मूल चुकीचं का होईना, पण स्वतःचं वाक्य करतं. त्याला बरं वाटत नसेल तर ‘आय ॲम फीवर’ असं तरी ते म्हणेल. ते वाक्य चूक आहे, पण त्याने सांगितलेली गोष्ट खरी आहे.

भर्तृहरीनेच पुढे यावरचा तोडगा सांगितला आहे. शास्त्राच्या पायऱ्या म्हणजे शिकणाऱ्या बालकांना चुचकारण्याचे उपाय आहेत, असत्य वाटेवर उभं राहूनच माणूस सत्याकडे जाऊ पाहतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. एका व्याकरणकाराने आपल्या शास्त्राविषयी इतकं निर्भय विधान करावं हे मला फार मोठं वाटतं. शंकराचार्यांच्या वेदान्तात हीच पद्धत अध्यारोप आणि अपवाद या नावाने येते: ब्रह्मावर आधी गुण लादायचे, शिष्याचं लक्ष तिकडे वळलं की ते गुण काढून घ्यायचे. अरुंधतीची बारीक चांदणी दाखवताना आधी शेजारची ठळक चांदणी दाखवून ‘ही अरुंधती’ म्हणतात, आणि नजर स्थिर झाली की ‘ही नव्हे, तिच्या बाजूची’ म्हणतात. आचार्यांनी हा दाखला ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात दिला आहे. बुद्धाने मज्झिम निकायातल्या एका सुत्तात स्वतःच्या धम्मालाही तराफ्याची उपमा दिली आहे: नदी पार करण्यासाठी तो आहे, पलीकडे गेल्यावर डोक्यावर घेऊन चालण्यासाठी नाही. एकमेकांशी वाद घालणाऱ्या या परंपरा निदान इथे एकत्र येतात. सत्य एकाच वेळी पूर्ण देता येत नाही, ते घेणाऱ्याच्या तयारीप्रमाणे द्यावं लागतं, आणि देताना आधीचं दिलेलं परत मागून घ्यावं लागतं.

इथे वारकरी मला थांबवेल, आणि त्याचं थांबवणं योग्य आहे. पंढरीचा विठ्ठल हा काही पहिल्या इयत्तेचा धडा नाही, निर्गुणाकडे गेल्यावर सोडून द्यायचा, असं तो म्हणेल. ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभव’ लिहिल्यावर विठ्ठल सोडला नाही. नामदेवांचीही सगुणाची ओढ शेवटपर्यंत राहिली. हा आक्षेप मी मान्य करतो, आणि त्यामुळे माझं म्हणणं थोडं आखडतं घ्यावं लागतं. रूप सोडणं आवश्यक नाही. रूप हेच सगळं आहे हा समज सोडणं आवश्यक आहे. अद्वैत कळल्यावर केलेली भक्ती आणि अद्वैत न कळता केलेली भक्ती बाहेरून सारखीच दिसते, पण पहिलीत भीती नसते, दुसऱ्याच्या देवाचा राग नसतो. इंग्रजीत मुरलेला माणूसही ‘हाऊ आर यू’ म्हणायचं सोडत नाही. तो ते आता जाणून म्हणतो, आणि समोरच्याचा चेहरा उतरलेला दिसला तर पुढचा, खरा प्रश्न विचारतो.

सगळ्यात गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तो महाराष्ट्राने सोसलेला आहे. ‘तयारीप्रमाणे सत्य’ या तत्त्वाच्या नावाखाली माणसांना पिढ्यानपिढ्या पहिल्या पायरीवर डांबून ठेवलं गेलं. अज्ञ लोकांची बुद्धी विचलित करू नये, असं गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ज्ञानी माणसाला सांगितलं आहे. त्याचा अर्थ अनेकांनी ‘त्यांना कळूच देऊ नये’ असा लावला. अधिकारभेद हा शब्द शिकवण्याच्या क्रमासाठी होता, तो जन्माच्या क्रमासाठी वापरला गेला. शाळेत बाबासाहेब आंबेडकरांना संस्कृत घेऊ दिलं नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या कष्टाने मिळवलं. मुलाची तयारी नाही म्हणून त्याला संस्कृत नाकारलं, असं कुणाला म्हणता येणार नाही. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला आणि बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय उघडलं, ते याच बंद दाराविरुद्ध. तेव्हा कुणी म्हणालं की सोपं करून सांगणं हीच मुळात फसवणूक आहे, तर ते अनुभवातून बोलत आहेत हे ओळखलं पाहिजे.

पण या इतिहासाने पहिला धडा दोषी ठरत नाही. दुसरा धडा न देणारा दोषी ठरतो. स्लॅब टाकताना खाली सेंट्रिंग लावतात. ते लावल्याशिवाय स्लॅब उभा राहत नाही, आणि ते न काढता कुणी त्या घरात राहू शकत नाही. सेंट्रिंग आहे म्हणून मिस्त्री खोटा ठरत नाही; ते काढायला तो आलाच नाही तर मात्र त्याने घर दिलं असं म्हणता येणार नाही. पहिल्या धड्यातलं असत्य धर्म्य ठरण्याची अट ती हीच: ते सांगणाऱ्याला ते काढून घ्यायचं असलं पाहिजे, आणि तसं करण्याची त्याच्यावर जबाबदारी असली पाहिजे. कोणत्याही प्रसंगी खोटं बोलण्याचा हक्क नाही असं इमॅन्युएल कांटने १७९७ च्या निबंधात निक्षून सांगितलं. त्याच्याशी माझा इथे वाद होत नाही, कारण लबाड माणसाला समोरचा कायम फसलेला हवा असतो, आणि चांगल्या शिक्षकाला आपला नियम विद्यार्थ्याने एक दिवस मोडलेला हवा असतो. हेतूची दिशाच उलटी आहे. मात्र कांटच्या बाजूने एवढं मान्य करावं की नियम सांगतानाच ‘सध्यापुरता’ हा शब्द जोडायला काही पैसे पडत नाहीत. जैनांनी प्रत्येक विधानाला ‘स्यात्’ जोडायला सांगितलं, म्हणजे एका बाजूने पाहता असं आहे, हे त्यातून सुचवायचं. वेरूळच्या जैन लेण्यांपासून पिशोर फार दूर नाही, आणि त्या शहाणपणाची वर्गात फार गरज आहे. आठ वर्षांच्या मुलालाही ‘आत्ता असं धरून चालू, पुढे बदलेल’ हे वाक्य कळतं. खेळाचे नियम ते रोजच बदलत असतं.

आता त्या राजाकडे परत जायला हवं, कारण कथेचा पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही. पैज हरलेल्या गुणाढ्याने तिन्ही भाषा सोडल्या, तो विंध्याच्या अरण्यात गेला, तिथे पैशाची भाषा शिकला आणि तीत त्याने सात लक्ष श्लोकांची ‘बृहत्कथा’ रचली. शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. ती त्याने राजाकडे पाठवली. नुकतंच संस्कृत शिकलेल्या राजाने विद्येच्या तोऱ्यात ती झिडकारली: भाषा पैशाची, शब्द नीरस, अक्षरं रक्ताने लिहिलेली. गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकत गेला. राजा तिथे पोचला तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते, एकच लक्ष उरले होते. मोदकांच्या प्रसंगी जो स्वतः भाषेपायी अपमानित झाला, त्यानेच सहा महिन्यांच्या शिक्षणानंतर दुसऱ्याची भाषा हिणवली. शर्ववर्म्याच्या व्याकरणात चूक नव्हती. पण हे छोटं आहे, याच्यापुढे पुष्कळ आहे, हे त्याने राजाला सांगितल्याचं कथेत कुठे येत नाही. आणि ज्या राजाला संस्कृत येत नाही म्हणून लाज वाटली त्याच्याच सातवाहन घराण्याच्या काळात, पैठणच्याच लोकांनी कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांना दान दिलं आणि दानाचे लेख प्राकृतात कोरले. त्या भाषेत धर्म होता, व्यापार होता, कला होती. तिला कशाचीही उणीव नव्हती.

हीच गोष्ट आज आपल्या घरांत घडते आहे. महाराष्ट्राने २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं. त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचं. हा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, सावित्रीबाईंच्या आग्रहाशी तो सुसंगतच आहे. पण पहिलीत दिलेला पहिला धडा आपण आठवीपर्यंत पुन्हा पुन्हा देत राहतो. परीक्षेत तोच नियम अंतिम सत्य म्हणून विचारला जातो. ‘आयएनजी म्हणजे चालू काळ’ असं लिहिलं की पूर्ण गुण, आणि उद्याच्या बेतासाठी तोच प्रयोग केला की लाल रेघ. मुलाला भाषा येत नाही, पण आपल्याला नियम येतो असं वाटू लागतं, आणि नियम न येणाऱ्या आई-वडिलांच्या, आजोबांच्या बोलीची त्याला लाज वाटू लागते. शिक्षणातून आलेला हा तोरा पैठणच्या राजाच्या तोऱ्याहून वेगळा नाही. धर्मातही असंच होतं. ज्याला देवाच्या पहिल्या धड्यापुढे कुणी नेलं नाही, तोच दुसऱ्याच्या देवावर हात उगारतो. ज्याने पुढचे धडे पाहिले त्याला तेवढा राग परवडत नाही.

म्हणून पिशोरच्या आणि आसपासच्या शाळांतल्या इंग्रजीच्या सरांना, बाईंना माझी विनंती आहे. पहिलीत नियम जरूर सांगा, सोपा करून सांगा, त्यात काही पाप नाही. पण सहावी-सातवीत त्याच मुलांना तेच नियम मोडताना दाखवा. ‘ॲन अवर’ फळ्यावर लिहा आणि आपण पहिलीत सांगितलेलं का टिकत नाही हे त्यांनाच शोधू द्या. ‘आय ॲम फाइन’च्या पुढे ‘आय ॲम नॉट फाइन टुडे’ शिकवा. आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी नियम विचारताना एक प्रश्न असाही ठेवावा, ज्यात मुलाला त्या नियमाचा अपवाद सांगता आला तर गुण मिळतील.